घरचाच मसाला



तुम्ही माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडला आला असाल, तर आमचं घर तुमच्या नजरेखालून गेलं असेल. ओळखण्यासारखं त्यात काही नाही. पुढे ओटा, ओट्यावर तुळस, मागे लिंबाची दोन झाडं आणि त्यापलीकडे अर्ध्या एकराचं मोकळं वावर. त्या वावरात एक दिंडी दोन रात्री उतरते. माझ्या आजेसासूबाईंच्या काळापासून हे चालत आलं आहे. पुण्याहून ३० किलोमीटर चालून, घाट चढून माणसं येतात ती बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला. त्या रात्री फराळ, आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडायची ती आमच्या अंगणात. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, वर तळलेली कुरडई. साठ पानं. कधी पासष्ट होतात.

तुम्हाला सांगायचं आहे ते त्या आमटीबद्दल. चार वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

माझ्या सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूण नाही. मला मुभा होती, पण वेगळी चूल कोण मांडतं? मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. सकाळी डबा करायचा, पोरांचं आवरायचं आणि घंटेच्या आत शाळेत पोचायचं. मसाला, मेतकूट, कुरड्या, लोणची, तूप हे सगळं सासूबाई करत, मी डब्यातून काढून वापरत असे. वर्षाला डबा भरलेला असे, त्यामुळे तो कसा भरतो याची चौकशी मी कधी केली नाही. २०१६ साली त्या गेल्या. त्यांनी केलेला गोडा मसाला पुढे वर्षभर पुरला. मग एक दिवस डब्याचा तळ लागला आणि मी दुकानातून पाकीट आणलं. आमटी झाली. ह्यांनी निमूट खाल्ली. मला वाटलं, बघा, एवढं सोपं होतं.

२०१८ सालची बारस. सकाळपासून शेजारच्या सहा-सात बाया पोळ्या लाटायला आल्या होत्या. सहा किलो डाळीचं पुरण, तेवढाच गूळ. मी आमटीच्या पातेल्याशी होते. कटाला फोडणी दिली, चिंच-गूळ घातला, पाकिटं फोडून मसाला ओतला, पाकिटं चुलीमागे टाकली. पहिली पंगत बसली. त्या पंगतीत एक म्हाताऱ्या माई होत्या, गंगाखेडकडच्या. दरवर्षी येणाऱ्या. सासूबाईंशी त्यांचं फार जुळायचं. दोघी रात्री ओट्यावर बसून किती वेळ बोलायच्या! मी दुसऱ्यांदा आमटी वाढायला गेले तेव्हा त्यांनी वाटीवर आडवा हात धरला आणि हळूच विचारलं, “आमटीत लसूण नाही न, माय?”

मला ठाऊक नव्हतं, माउली. हे अगदी खरं आहे. मला ठाऊक नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं: माई, बघून येते. चार पावलांवर पाकीट पडलेलं होतं. पण अंगणात साठ माणसं, पोळी तव्यावर, मागून कुणी तूप मागतंय, आणि सासूबाईंच्या मैत्रिणीपुढे मला कमी पडायचं नव्हतं. मी म्हणाले, “नाही माई. घरचाच मसाला आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात बाजूला घेतला.

संध्याकाळी चूल आवरताना पाकीट हातात आलं. त्यावरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावून, दिव्याखाली धरून वाचावी लागली. धने, मिरची, मीठ, खोबरं, मग कांदा, मग लसूण. नंतर मला कळलं की पाकिटावर हे जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. म्हणजे लसूण पाचव्या-सहाव्या जागी आहे, तो नावापुरता नाही. दोष पाकिटाचा नाही. त्याने लपवलं नव्हतं, छापलंच होतं.

त्या रात्री मी दिवा घेऊन वावराकडे गेले. कीर्तन संपलं होतं. राहुट्यांमध्ये माणसं आडवी झाली होती, कुणी पायाला तेल चोळत होतं. माईंची राहुटी मला माहीत होती. मी लिंबाच्या झाडापाशी थांबले. काय सांगणार होते? या दिंडीत कांदा-लसूण शिजत नाही. माईंना एकटीला सांगितलं तरी ते सगळ्यांना कळणार. साठ माणसांचा नेम मी मोडला, आणि वर विचारलं तेव्हा खोटं बोलले. मी परत आले. पहाटे दिंडी जेजुरीच्या वाटेला लागली. मी ओट्यावरून हात जोडले. माईंनी वळून हात हलवला.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? अरणच्या सावतामहाराजांना आपल्या मळ्यातच पांडुरंग भेटला, आणि मळा म्हटला की कांदा-लसूण आलाच. हे मीही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण माझ्या मनाला टोचत होता तो लसूण नव्हता. ‘घरचाच’ हा शब्द टोचत होता. तो मी सासूबाईंच्या नावावर खपवला होता.

तेव्हा मी ठरवलं, पुढच्या बारशीला तो शब्द खरा करायचा. आणि मग, माउली, वयाच्या साठीत माझी फजिती सुरू झाली.

सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. वही नाही, माप नाही. मी बारामतीला थोरल्या जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, कोठीत एक पितळी वाटी असेल बघ, काठाला चेमटलेली. तेच माप.” वाटी सापडली. कित्येक वर्षं मी तिने चिमण्यांना पाणी ठेवत होते. सात वाट्या धने, साडेतीन वाट्या सुक्या खोबऱ्याचा कीस, एक वाटी तीळ, एक वाटी जिरे, असं जाऊबाईंनी सांगितलं आणि बाकीचं “अदमासाने” म्हणून सोडून दिलं. या ‘अदमासा’त लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडे, तमालपत्र, नागकेशर, शहाजिरे, दगडफूल, हळकुंड, सुक्या मिरच्या आणि हिंग असे अकरा जिन्नस होते. एकूण पंधरा.

हिंगापाशीच पहिली ठेच लागली. आता मला बारीक अक्षरं वाचायची खोड लागली होती. डबीतला बांधणी हिंग घेतला, मागे वाचलं, तर त्यात गव्हाचं पीठ आणि डिंक. खरा हिंग थोडा, बाकी पीठ. तसा तो काही वाईट नसतो, निव्वळ हिंग इतका उग्र असतो की तो नुसता वापरताच येत नाही. पण मसाल्यासाठी मी खडा हिंग शोधून आणला. तो तेलात तळून फुलवावा लागतो. नीट फुलला नाही तर आत चिकट राहतो आणि कुटताना मुसळाला धरून बसतो. माझा पहिल्यांदा बसला.

पहिला घाणा मी दिवाळीनंतर केला. चूक अशी केली की सगळं एकाच कढईत एकदम भाजायला घेतलं, वेळ वाचेल म्हणून. धने तांबूस व्हायच्या आत खोबरं काळं पडलं. घरभर धूर. हे खोकत बाहेर आले आणि म्हणाले, “आई करायची तेव्हा रस्त्यावरची माणसं वास घ्यायला थांबायची.” मी काही बोलले नाही. ते सगळं खड्ड्यात पुरलं.

जाऊबाईंना पुन्हा फोन. त्यांनी तो तसाच कानाशी धरून ठेवायला लावला. “आता धने टाक. चमचाभर तेल. विस्तव बारीक. वास कसा येतोय?” मी म्हणाले, “धन्यासारखा.” “मग अजून व्हायचेत. धन्याचा वास जाऊन संत्र्याच्या सालीसारखा येईल, तेव्हा उतरव.” मला वाटलं त्या थट्टा करतायत. पण आला हो! पाचव्या-सहाव्या मिनिटाला खरंच तसा वास आला. दगडफूल हातात घेतलं तर वाळलेल्या शेवाळासारखं, काही वासच नाही. असतंच ते झाडा-दगडांवर वाढणारं. कोरडं भाजलं की पहिल्या पावसानंतरच्या मातीची आठवण व्हावी असा वास येतो. काळ्या आमटीला जो खोल वास असतो, ज्याला नाव देता येत नाही, तो बराचसा त्याचा. इतकी वर्षं मी ती आमटी खाल्ली आणि तो वास कुणाचा हे मला साठीत कळलं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, वेगळ्या ताटात काढायचा, खोबरं सगळ्यात शेवटी, तेही विस्तव विझत आल्यावर.

दुसरा घाणा छान भाजला गेला. थंड केला, डब्यात भरला आणि मिरची कांडपावर घेऊन गेले. रांगेत बसले होते. माझ्या पुढच्या बाईचा मसाला कुटून झाला, डंक थांबला, माणसाने ब्रशने भांडं झाडलं आणि माझा डबा हातात घेतला. तेवढ्यात मला वास आला. मी विचारलं, “दादा, आत्ताचा कुठला होता?” तो म्हणाला, “कांदा-लसूण. आज सकाळपासून तोच चाललाय.” मी डबा त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. बायका बघायला लागल्या. तो बिचारा म्हणाला, “मावशी, पुसून देतो की.” पण पुसून लसूण जातो का? त्यानेच पुढे सांगितलं की सोमवारी यंत्र धुतलेलं असतं, तेव्हा पहिल्या नंबरला या, माळकरी लोक तसंच येतात. म्हणजे या गोष्टीची वाट ठरलेली होती. फक्त मला ती ठाऊक नव्हती.

मी सोमवारपर्यंत थांबले नाही. भाजलेला मसाला उघडा राहिला की मऊ पडतो. आमच्या मागच्या पडवीत उखळ होतं, त्यात आम्ही जुने पेपर ठेवत होतो. ते धुतलं, वाळवलं आणि मुसळ हातात घेतलं. तुम्ही कुटलंय कधी? पहिली दहा मिनिटं माणसाला वाटतं, आपल्याला जमतंय. मग खांदे भरून येतात. दोन दिवस लागले. कुटायचं, चाळायचं, चाळणीत राहिलेलं पुन्हा उखळात. अधूनमधून हे येऊन चार घाव घालून जात. कुटताना आपोआप तोंडात नाम यायला लागलं, एका घावाला एक. मी काही मोठी नामधारक नाही हो, पण मुसळाला लय लागते, आणि त्या लयीला दुसरं काय बसणार?

२०१९ सालच्या बारशीला त्या मसाल्याची आमटी केली. चांगली झाली. मी पहिल्या पंगतीत माईंना शोधत होते. त्या नव्हत्या. दिंडीतल्यांनी सांगितलं, गुडघ्याने धरलंय, यंदा घरीच आहेत. मला वाईट वाटलं, आणि तुमच्यापासून काय लपवायचं, थोडं बरंही वाटलं.

पुढच्या वर्षी गुढीपाडव्याला, २५ मार्च २०२० ला, सगळा देश बंद झाला. घरात आम्ही दोघं. कोठीत लोकवन गहू होता, चैत्राचं ऊन होतं आणि वेळ तर इतका होता की घड्याळाकडे बघवत नसे. मी कुरड्या करायला घेतल्या. खरं सांगायचं तर यात नेमाधर्माचं काही नव्हतं. कुरडई मला आवडते. त्याहून आवडतो तो गरम चीक, वाटीत घेऊन दूध-साखर घालून. सासूबाई कुरड्या घालायच्या त्या दिवशी मी शाळेत निघण्याआधी त्या माझ्यासाठी एक वाटी झाकून ठेवायच्या. चार वर्षांत तो खाल्ला नव्हता, आणि बाजारात कुरडई मिळते, चीक कुठे मिळतो?

तीन किलो गहू तीन दिवस भिजत घातला. रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास येतो की नवख्या माणसाला वाटावं, नासलं. मग वाटायचा, पाण्यात कालवून पिळायचा, चोथा काढायचा, फडक्यातून गाळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र चीक घट्ट बसलेला असतो. बोट लावलं तर ठणठणीत लागतो, आणि ओंजळीत घेतला की दुधासारखा वाहतो. इथवर सगळं ठीक झालं. पुढे चीक शिजवणं हे एकट्या बाईचं काम नाही, हे मला माहीत नव्हतं. जितका चीक तितकं पाणी, त्याला मीठ-हिंग घालून उकळी आणायची, मग एकाने चीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने थांबायचं नाव न घेता घोटायचं. मी एकटीच ओतत होते नि घोटत होते. लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. तशाच सोऱ्यात भरल्या. सोऱ्या अडकला. जेवढ्या पडल्या तेवढ्या वाळून तुकडे तुकडे झाल्या. चीक कच्चा राहिला की असं होतं.

दुसऱ्या वेळी ह्यांना हाताशी घेतलं. गच्चीत चूल मांडली होती. बाहेर पडायची बंदी, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माणसं होती. आमचं बघून तीन गच्च्यांवरून सूचना यायला लागल्या. “काका, बुडातून घोटा!” “काकू, अजून पांढरा दिसतोय, झाकण ठेवा!” चीक शिजला की पांढरेपणा जाऊन काचेसारखा तुकतुकीत होतो. ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. पलीकडच्या आजींनी तर मला वाटीत घालून दोरीने त्यांच्याकडे पाठवायला लावला, बघून सांगते म्हणून. मग निरोप आला, झालाय, घाला. जुन्या धोतरावर ओळीने कुरड्या घातल्या. आणि हे खाली उतरायच्या आधी मी दोन वाट्या भरल्या, दूध-साखर घालून. आम्ही दोघांनी कठड्याला टेकून खाल्ल्या. हे म्हणाले, “आईचाच.” मसाल्याच्या वेळी धूर झाला होता तेव्हा न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

त्या वर्षी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. आपल्या दारावरून वारी चालत गेली नाही, असं पाहायची वेळ आमच्या पिढीवर येईल असं कधी वाटलं नव्हतं. दोन्ही वर्षं त्या बारशीला मी पुरण घातलं. दोन पानांचं पुरण ते काय, पण डाव पातेल्यात उभा राहिला की झालं म्हणायचं, हे तेव्हा शिकले. साठ पानांच्या गर्दीत ते दुसऱ्या बाया बघत असत. साय साठवून तूपही करायला लागले. उन्हाळ्यात लोणी येईना, नुसता फेस. मग कुणीतरी बर्फाचे खडे टाकायला सांगितलं आणि चार घुसळण्यांत गोळा वर आला. डबे भरत गेले. मात्र डबा भरताना दरवेळी मनात यायचं, माई असतील ना? त्या काळात कोण आहे नि कोण नाही, हे कुणाला सांगता येत होतं? दिंडीच्या विणेकऱ्यांना फोन करून विचारावं, असं कितीदा मनात आलं. उत्तराची भीती वाटायची.

२०२२ ला पालखी पुन्हा चालत आली. आमच्या दिंडीतली दोन माणसं कमी झाली होती. राहुट्या ठोकल्या जात होत्या तेव्हा मी ओट्यावर उभी होते. एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून माई आल्या. वाकल्या होत्या. गुडघ्याला पट्टा होता. मला बघून लांबूनच म्हणाल्या, “आहेस का गं, माय?”

त्या रात्री मी फराळ घेऊन स्वतः गेले. वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी. त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि बसले. ताट पुढ्यात ठेवून सांगायला नको होतं, पण थांबले असते तर पुन्हा लिंबापासून परत गेले असते. सगळं सांगितलं. पाकीट, बारीक अक्षरं, दिवा घेऊन आले ते. त्या ऐकत खात होत्या. घास थांबला नाही. मी गप्प झाले तेव्हा म्हणाल्या, “मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तीस वर्षं जे तोंडात घातलं नाही, ते कळणार नाही व्हय?”

मी म्हटलं, “मग माई, तुम्ही खाल्लंत कशाला?”

“मी विचारलं. तू नाही म्हणालीस. आता मी व्हय म्हटलं असतं तर पंगत उठली असती. साठ माणसं. उन्हातून आलेली. अन् तुझ्या सासूच्या अंगणात.” त्यांनी दाण्याची आमटी भातावर ओढून घेतली. “दुसऱ्या दिवशी जेजुरीपर्यंत पाण्यावर चालले. झालं.”

सासवड ते जेजुरी १६ किलोमीटर आहे, माउली. जुलैतला उकाडा. त्या तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. मी ओट्यावरून हात जोडले आणि त्यांनी वळून हात हलवला तेव्हा त्या उपाशी होत्या. मी चार वर्षं मसाला कुटत बसले होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला पुढे बोलताच येईना. त्यांनीच विचारलं, “मग आता काय करते? पाकीटच?” तेव्हा मी कोठीतली वाटी, खोबऱ्याचा धूर, कांडपवाल्याच्या हातून ओढलेला डबा असं सगळं सांगितलं. डब्यापाशी त्यांना इतकं हसू आलं की त्या मुलीने पाणी आणून दिलं. “ओढून घेतला?” असं दोनदा विचारलं आणि दोनदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या पंगतीत होत्या. मी आमटीचं पातेलं घेऊन पोचले. त्यांनी वाटी पुढे केली नाही. उजवा तळवा केला. मी त्यावर डावाच्या टोकाने दोन थेंब घातले. त्यांनी जिभेला लावले, डोळे मिटले. शेजारची माणसं घास थांबवून बघायला लागली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण माईंची ही तऱ्हा पाहून तीही थांबली.

“खोबरं जरा जास्त भाजलंस,” त्या म्हणाल्या.

“हो माई. दरवेळी होतं माझ्याकडून.”

“तुझ्या सासूचंही व्हायचं.” आणि वाटी पुढे केली. “वाढ.”